सर्जाचा पाय आणि सर्वांचं मत

निर्णय घ्यायला एक माणूस पुरतो. निर्णय न घेण्यासाठी मात्र संस्था लागते. तिला घटना लागते, कार्यकारिणी लागते, चहाची सोय असलेला हॉल लागतो आणि मुख्य म्हणजे एकमेकांबद्दल अपार आदर असलेली माणसं लागतात. हे सगळं एकाच ठिकाणी पाहायचं असेल तर इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या स्नेहवर्धिनी मराठी मंडळाकडे पाहावं. मी या मंडळाचा सहचिटणीस आहे. त्यामुळे पुढील मजकुरात मंडळाची स्तुती आढळल्यास ती ऐकीव नसून अनुभवाची आहे, असं समजावं.

मंडळाच्या स्थापनेपासून आजवर एकही ठराव बहुमताने मंजूर झालेला नाही. सगळे एकमताने झाले. घटनेत कलमं पुष्कळ आहेत आणि ती कोणीही वाचलेली नाहीत. पण एक अलिखित कलम सगळ्यांना पाठ आहे: जो सुचवेल, त्यानेच करायचं. जयंत देवस्थळी एका सभेत सहज म्हणाले, "हॉलमध्ये गारठा आहे हो." तेव्हापासून ते हीटिंगप्रमुख आहेत. (मध्यंतरी ते पार लंडनच्या एजवेअरला राहायला गेले. तरी प्रत्येक कार्यक्रमाला बॉयलर सुरू करायला सगळ्यांच्या आधी गाडी हाकत येतात आणि पोचल्यावर काहीही बोलत नाहीत.) या कलमामुळे आमच्याकडे सूचना फार कमी येतात, आणि ज्या येतात त्या अपघातानेच.

सणांच्या बाबतीत मंडळ पंचांगापेक्षा हॉलचं बुकिंग प्रमाण मानतं. एका वर्षी कोजागिरी दुपारी दोन ते पाच साजरी झाली. चंद्र प्रोजेक्टरवर दाखवला होता आणि तो पुण्याच्या मानाने बराच स्पष्ट दिसला, असं ज्येष्ठांचं मत पडलं.

पोळा आमच्याकडे आला तो असाच अपघाताने. शशिधर वानखडे हे वर्ध्याकडचे, इथे एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतात. तीन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत, समोसा हातात असताना, ते बोलून गेले, "आमच्याकडं पोळा म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा राहते, भाऊ. आपण नाही करत काहून?" सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. शशिधरभाऊंच्या चेहऱ्यावर आपण काय करून बसलो याची जाणीव हळूहळू उमटली, पण तोवर टाळ्या पडल्या होत्या. ते पोळाप्रमुख झाले.

बर्कशायरमध्ये पोळ्याला बैल मिळवणं सोपं नाही. इथे नांगराला ट्रॅक्टर असतो, आणि गोऱ्ह्याला एकच भविष्य असतं. ते रविवारच्या जेवणाशी संबंधित आहे. तरीही गावाबाहेरच्या पीटर हॉब्ज नावाच्या शेतकऱ्याकडे डडली नावाचा एक तांबूस, धष्टपुष्ट आणि स्वभावाने निवृत्त अधिकाऱ्यासारखा बैल निघाला. पीटरने तो एका दुपारपुरता दिला. पोरं त्याच्या गळ्यात पडली, बायकांनी ओवाळलं, शशिधरभाऊंनी शिंगं रंगवली आणि रंगवताना ते लहान मुलासारखे हसत होते. मग निघताना पीटरने सहज सांगितलं की पुढच्या आठवड्यात डडलीला कत्तलखान्यात न्यायचं आहे. आमच्या सांस्कृतिक प्रमुख मीनाक्षीताईंनी डोळ्यांना पदर लावून त्याला विचारलं, "हाऊ कॅन यू?" पीटर या प्रश्नाचं उत्तर गेली चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना किलोच्या भावात देत आला होता. त्यामुळे तो गोंधळला.

मंडळाने डडली विकत घेतला. एकमताने. तो राहायचा पीटरच्याच कुरणात, पण मालकी मंडळाची. नाव बदलून सर्जा ठेवलं, आणि प्रत्येक कुटुंबाला त्याच्या फोटोचं फ्रिजवर लावायचं मॅग्नेट मिळालं. जोडीला राजा हवा, म्हणून प्लायवूडचा एक राजा कापून घेतला. ही मालकी फार सुखाची होती, कारण तिच्यात फोटो होते आणि शेण नव्हतं. शेण पीटरकडे होतं.

यंदाचा पोळा ऑगस्टच्या बँक हॉलिडेला ठरला. इथल्या कायद्यानुसार स्वयंपाकघरातून निघालेलं काहीही गुराला खायला घालता येत नाही, त्यामुळे पुरणपोळीचा नैवेद्य कुंपणापलीकडून सर्जाला नुसता दाखवायचा आणि मग आपण खायचा, अशी व्यवस्था होती. (सर्जाची तक्रार नव्हती.) मीनाक्षीताईंचं म्हणणं पडलं की मिरवणूक ढोलताशाशिवाय म्हणजे अगदी अळणी. म्हणून पथक बोलावलं. पीटरला कळवलं, तेव्हा तो म्हणाला की डडलीला आवाजाची 'तितकीशी आवड नाही'. इंग्रज माणूस 'तितकीशी आवड नाही' म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काय म्हणायचं असतं, हे इथे तीस वर्षं काढूनही आम्हाला समजलेलं नाही. कार्यकारिणीने त्याची योग्य ती नोंद घेतली आणि ढोल थोडे लांब उभे करायचं ठरवलं.

पहिल्या ठोक्याला सर्जाने मान वर केली. दुसऱ्या ठोक्याला तो निघाला.

अंगावर भरजरी झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगुरमाळ, असा तो कुरण कापत फाटकाकडे सुटला. फाटकात, इथे असतात तसे, खड्ड्यावर आडवे लोखंडी नळ टाकलेले होते. त्यावरून माणूस जातो, मोटार जाते, गुराचा पाय मात्र मध्ये अडकतो. म्हणजे त्या व्यवस्थेने आपलं काम चोख केलं. पुढच्या ढोलवाल्यांना काही दिसलं नव्हतं, त्यामुळे पथकाने आवर्तन पूर्ण करूनच विश्रांती घेतली. राजाला काही झालं नाही.

पीटरने ट्रॅक्टर आणि पट्टे लावून सर्जाला बाहेर काढलं आणि गवतावर आडवं केलं. मागच्या पायाकडे एकदा पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली आणि व्हेटला, म्हणजे गुरांच्या डॉक्टरला, फोन केला.

सुट्टीचा दिवस असल्याने ड्यूटीवर धाकटे डॉक्टर होते. त्यामुळे जी गाडी आली तिच्यातून उतरली ती अक्षया. मंडळाचे अध्यक्ष उल्हासराव पटवर्धन यांची ती मुलगी. उल्हासराव गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आले होते की आमची अक्षया डॉक्टर आहे. रुग्ण कोण, हा तपशील ते देत नसत, आणि आम्हीही विचारत नव्हतो, कारण मंडळात एकमेकांबद्दल अपार आदर आहे. तो तपशील आज सगळ्यांसमोर गवतावर पडला होता.

अक्षयाने गुडघ्यावर बसून पाय तपासला, इंजेक्शन दिलं आणि उठून वडिलांकडे आली. ती रेडिंगला जन्मली आणि आमच्या शनिवारच्या मराठी शाळेच्या पहिल्या तुकडीत शिकली, हे तिच्या बोलण्यावरून लगेच ओळखू येतं.

"बाबा, त्याची पाय पूर्ण तुटली आहे. मी पेनकिलर दिलंय, पण तो फार वेळ पुरणार नाही."

"अरे बापरे. मग आता?"

"दोन ऑप्शन आहेत. एक, हॉस्पिटलला नेऊन ऑपरेशन. पण एवढा मोठा बैल, ट्रेलरमध्ये चढवतानाच खूप सफर करेल, त्रास होईल त्याला. शंभरात एखादा वाचतो, मोस्टली नाही. दुसरा म्हणजे इथेच, आत्ता, शांतपणे. मला विचाराल तर आत्ता." मग तिने गोल उभ्या राहिलेल्या आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "ओनर कोण आहे? मला ओनरचा हो पाहिजे."

तिथे त्या वेळी सर्जाचे शंभरेक मालक हजर होते. प्रत्येकाने शेजारच्याकडे पाहिलं.

मंडळाची खरी ताकद अशा वेळी दिसते. दोन मिनिटांत मंडपाखाली खुर्च्या मांडल्या गेल्या आणि तातडीची सभा सुरू झाली. घटनेप्रमाणे मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं आवश्यक होतं. ते मीच वाचलं. (मागील सभेत बाकरवडी की कोथिंबीरवडी हा विषय झाला होता आणि तो पुढील सभेवर ढकलला होता. पुढील सभा म्हणजे हीच. तरीही प्रसंगाचं गांभीर्य ओळखून तो विषय फार ताणला नाही.) मधून मधून मुख्य विषयाचा आवाज मंडपापर्यंत येत होता. त्यावर मीनाक्षीताईंनी मुलांना लांब न्यायची व्यवस्था केली आणि माइकचा आवाज थोडा वाढवला.

चर्चा उच्च दर्जाची झाली. एका गृहस्थांनी 'शंभरात एखादा' या आकडेवारीचं मनापासून स्वागत केलं. "म्हणजे चान्स आहे!" असं म्हणून ते बसले. तेच ऑपरेशनची जबाबदारी घेतील का, असं अध्यक्षांनी विचारताच त्यांनी आपण फक्त आकडेवारीबद्दल बोललो असल्याचं स्पष्ट केलं. दुसऱ्या एकांनी पुण्यातल्या गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिथल्या कायद्याप्रमाणे करावं असं सांगितलं. कायदा काय म्हणतो ते अक्षयाला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, कायदा म्हणतो ओनरला विचारा. अशा तऱ्हेने धर्म आणि कायदा यांच्यात पूर्ण एकवाक्यता असल्याचं सभेच्या लक्षात आलं.

मग एका वकील सदस्याने फार सुंदर तोडगा काढला. सर्जाची मालकी तासाभरापुरती पीटरच्या नावे करावी, पीटरने शेतकरी या नात्याने जे करायचं ते करावं, आणि नंतर मालकी परत घ्यावी. सभेत समाधानाची लाट आली. पीटरला बोलावून हे समजावून सांगितलं. त्याने पुन्हा टोपी काढली.

"हेच मी मागे करणार होतो," तो म्हणाला, "तेव्हा तुम्ही सगळे रडलात." आणि तो परत जाऊन सर्जाजवळ बसला. त्याच्या वागण्यात सहकार्याची भावना कमी पडली, अशी नोंद मी केली आहे.

शशिधरभाऊ मंडपात आलेच नव्हते. ते सर्जाचं डोकं मांडीवर घेऊन गवतात बसले होते. त्यांना तज्ज्ञ म्हणून पाचारण करण्यात आलं. ते आले. लहानपणी गावाकडे त्यांच्या घरच्या बैलाचा पाय असाच विहिरीच्या काठावर मोडला होता, असं त्यांनी सांगितलं.

"मग काय केलंत?" उल्हासरावांनी विचारलं. सगळी सभा पुढे सरकून बसली.

"काय माहीत, भाऊ. मले घरात पाठवलं होतं."

सभा पुन्हा मागे सरकली. शशिधरभाऊ सर्जाकडे परत गेले.

एवढ्यात जयंतराव, इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले जयंतराव, चुकून बोलले. "व्हॉट्सअ‍ॅपवर पोल घ्या ना." बोलल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. पोल त्यांनाच करावा लागला.

पहिला पर्याय सोपा होता: 'अ. उपचार करावेत.' दुसऱ्या पर्यायाचे शब्द मात्र कोणाला सापडेनात. 'ठार मारणे' हे सभ्य गृहस्थांच्या ग्रुपवर लिहिण्यासारखं नव्हतं. 'दयामरण' मीनाक्षीताईंना कोरडं वाटलं. 'मुक्ती' म्हटलं तर आपण कोण मुक्ती देणारे, असा प्रश्न आला. कोणी 'निरोप' सुचवला. (सर्जा नोकरी सोडून चालल्यासारखं वाटतं, म्हणून तो फेटाळला.) शब्दयोजना उपसमिती नेमण्याचा विचार पुढे आला, पण तो कोणी मांडला हे कळू नये म्हणून मांडणारा लगेच खाली बसला. शेवटी दुसरा पर्याय 'पर्याय ब' एवढाच ठेवला. वाचणाऱ्याला कळेलच, असं ठरलं. आणि कुणावर दडपण येऊ नये म्हणून लोकशाहीच्या भावनेतून तिसरा पर्याय घातला: 'क. बहुमताचा जो निर्णय होईल तो मला मान्य आहे.'

मतदान चालू असताना रिकामं कशाला बसायचं, म्हणून जेवणं उरकून घेतली. मसालेभात उत्तम झाला होता. पुरणपोळ्या थोड्या गार झाल्या होत्या. त्याला कोणाचा इलाज नव्हता. मंडपाच्या ज्या बाजूला सर्जा दिसत होता तिकडच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, कारण त्या बाजूने ऊन येतं. (त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता.)

निकाल पुढीलप्रमाणे लागला. अ: नऊ टक्के. ब: शून्य टक्के. क: अठ्ठ्याऐंशी टक्के. उरलेल्या तीन टक्क्यांनी पर्याय न निवडता 'पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा' पाठवल्या होत्या. निकालाचं विश्लेषण केल्यावर दोन गोष्टी दिसल्या. 'अ'ला मत देणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी कुरणात नव्हता. बहुतेक कॉर्नवॉलला सुट्टीवर होते आणि तिथे सर्जाचा आवाज पोचत नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे बहुमताचा निर्णय बहुमताला मान्य असल्याचं प्रचंड बहुमताने सिद्ध झालं. मंडळाच्या इतिहासात इतका स्पष्ट कौल कधी मिळाला नव्हता. आपल्या खांद्यावर कोणी बंदूक ठेवू नये म्हणून आम्ही सगळ्यांनी एकजुटीने आपले खांदे खाली केले होते.

अध्यक्षांनी निकाल जाहीर केला. टाळ्या सुरू होतील की काय असं क्षणभर वाटलं.

अक्षया मंडपाच्या कडेला उभी होती. तिच्या बुटांना चिखल होता. तिने पोल पाहिला, मग फोन वडिलांच्या हातात परत दिला.

"बाबा, आता त्याला परत दुखायला लागलंय. मी आणखी थांबू नाही शकत. तुम्ही चेअरमन आहात. एक शब्द पाहिजे फक्त."

"अगं, मी एकटा कसा सांगू? कमिटी आहे, प्रोसिजर आहे..."

"तुम्हाला दिसतंय ना तो?"

"दिसतंय गं. मला काय कळत नाही का? पण उद्या लोक म्हणतील..."

"कोण लोक?"

लोक उल्हासरावांच्या मागेच उभे होते आणि पुरणपोळीवरचं तूप बोटाने निपटत होते. उल्हासराव वाईट माणूस नाहीत हे मला इथे सांगायला हवं. त्यांचे डोळे भरले होते, ओठ हलत होते. मुलीला हवा असलेला तो एक शब्द त्यांच्या तोंडापर्यंत आला होता, हे मी स्वतः पाहिलं. तिथून तो पुन्हा आत गेला. आत जाताना पाहणं फार वाईट होतं.

अक्षया सर्जाकडे वळली. मग तिने बॅग उचलली. मी सहचिटणीस या नात्याने तिला विचारलं की मालकाची परवानगी नसताना आता पुढची कार्यवाही काय.

"जनावर एवढी सफर करत असेल आणि ओनर सांगतच नसेल, तर व्हेट स्वतःच्या जबाबदारीवर करू शकतो, काका," ती म्हणाली.

"अगं, मग हे आधीच का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं बाबा सांगतील."

मी हे वाक्य इतिवृत्तात घेतलेलं नाही, कारण ते सभेला उद्देशून नव्हतं.

तिने सगळ्यांना फाटकापलीकडे जायला सांगितलं. इतक्या तत्परतेने मंडळाने आजवर कोणतंही काम केलेलं नाही. शशिधरभाऊंनी सर्जाचं डोकं मांडीवरून उतरवून हलकेच गवतावर ठेवलं, शिंगावरचा गोंडा सरळ केला आणि उठले. या वेळी त्यांना घरात पाठवणारं कोणी नव्हतं. ते आपण होऊन गेले. उल्हासराव सगळ्यात पुढे होते आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. कासरा धरायला पीटर तेवढा राहिला.

नंतर पीटरने मला एकट्याला गाठून विचारलं की ती मुलगी इंजेक्शन देताना त्या बैलाशी एकसारखी काहीतरी बोलत होती, 'झालं हं, झालं हं,' असं काहीतरी. त्याचा अर्थ काय? मी सांगितलं, 'संपलं' असा होतो. तसा तो होतो खरा. पण आपल्याकडे लहान पोराला सुई टोचताना आई जे म्हणते ते इंग्रजीत कसं सांगायचं हे मला सुचलं नाही.

सभा पुन्हा सुरू झाली तेव्हा वातावरणात एक मोकळेपणा होता. लोक एकमेकांशी आपुलकीने बोलत होते. चहा झाला. पहिला ठराव शोकाचा. तो एकमताने संमत झाला. दुसरा आभाराचा: ढोलपथक, केटरर आणि प्लायवूडचे कारागीर. तिसरा ठराव असा होता की निर्णयप्रक्रिया अंतिम टप्प्यात असताना सदर प्रकरणी घाई झाल्याबद्दल मंडळ तीव्र नाराजी व्यक्त करत आहे. तोही एकमताने संमत झाला. विशेष म्हणजे हा ठराव मांडायला सात जण एकाच वेळी उठले होते. अध्यक्षांनी त्यावर सही केली. पेन चालत नव्हतं म्हणून दोनदा केली.

पोळ्यामागोमाग गणपती येतात. मंडळाने ते पुढच्या शनिवारी आणले. अक्षया येईल असं कोणाला वाटलं नव्हतं, पण ती आली. ड्यूटी संपवून, घरी जाऊन, साडी नेसून आली. आरती झाली. प्रसाद वाटणाऱ्या ताईंना स्वयंपाकघरात बोलावणं आलं, म्हणून अक्षयाने खिरापतीचं ताट उचललं आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. खिरापत, म्हणजे साखर-खोबरं, चमच्याने देत नाहीत. चिमटीने उचलून समोरच्याच्या तळहातावर ठेवायची असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणं आवश्यक आहे. आमच्या मंडळात अंधश्रद्धा कोणीही मानत नाही. बहुतेक सगळे इंजिनियर आहेत, काही डॉक्टर आहेत (माणसांचे), आणि सर्वांचे विचार पुढारलेले आहेत. त्या संध्याकाळी जे घडलं ते निव्वळ वैद्यकीय स्वरूपाचं होतं. पहिल्या रांगेतल्या चौघांना एकदमच आपला मधुमेह आठवला. दुसऱ्या रांगेत एकांची दाढ दुखत होती, तर एकांनी नुकतंच गोड सोडलं होतं. मीनाक्षीताई म्हणाल्या, "घेतला गं बाई मघाशीच," आणि तिच्या गालावरून हात फिरवावा असं वाटून तो अर्ध्यावरच थांबवला. वकील सदस्यांचा उपास निघाला. शशिधरभाऊ खाली वाकून चपला शोधत होते आणि त्या बराच वेळ सापडल्या नाहीत. मी स्वतः तर हात पुढे केलाच होता, तेवढ्यात फोन वाजला. उल्हासराव स्टेजच्या मागे होते. तिथे एक्स्टेन्शन केबल मिळत नव्हती.

अक्षया शेवटच्या रांगेपर्यंत गेली. प्रत्येकाशी ती हसून बोलली. मधुमेहवाल्यांना तर जपा हं असंही म्हणाली. मग तिने ताटावर रुमाल टाकला आणि ते घेऊन पार्किंगकडे गेली. ताट जसं भरलं होतं तसंच होतं. तेव्हापासून ती मंडळात आलेली नाही. उल्हासराव हल्ली आमची अक्षया डॉक्टर आहे असं सांगत नाहीत. कोणी तिची चौकशी केली तर "बरी आहे" म्हणतात, आणि विषय बदलायलाही त्यांना जमत नाही. नुसते उभे राहतात.

त्यानंतर मंडळातल्या बहुतेकांनी मला एकेकटं बाजूला घेऊन सांगितलं आहे की पोरीने केलं ते अगदी बरोबर केलं, आपण असतो तर हेच केलं असतं, आणि त्या दिवशी प्रसाद आपण घेतला होता, बाकीच्यांचं काय ते माहीत नाही. ही हकीगत मी साउथहॅम्प्टनच्या स्नेह्यांना सांगितली. त्यांनीही घेतला असता. फोनवर नागपूरच्या मेहुण्याला सांगितली. तो तर म्हणाला, मी दोनदा मागून घेतला असता. तुम्हीही घेतला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्यातला एकही माणूस मला असा भेटला नाही, जो म्हणाला की मी हात मागे घेतला असता. दुर्दैव इतकंच, की त्या संध्याकाळी हॉलमध्ये तुमच्यापैकी कोणी नव्हतं. फक्त आम्ही होतो. आणि हीच गोष्ट आम्ही दुसऱ्या कुणाच्या मंडळाबद्दल वाचली असती, तर आम्हीही तुमच्यासारखीच मान हलवली असती.